अनौपचारिक इंग्रजी आणि एक औपचारिक तक्रार

तीर्थरूप दादास,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (माझी कंबर वाकत नाही, म्हणून हा नमस्कार कागदावरच घातला आहे. तूही तो खुर्चीत बसूनच घे, उगाच उठून गुडघ्याला त्रास देऊ नकोस.) गुडघा कसा आहे ते कळव. कानातलं यंत्र लावतोस की अजून डब्यातच आहे? तुझी सून फोनवर सांगत होती की बहिरेपणाच्या नावाखाली तू घरातल्या सगळ्या कामांतून अंग काढून घेतलं आहेस, पण पलीकडच्या खोलीत कुणी बिस्किटाचा पुडा उघडला की तुला बरोबर ऐकू येतं. असो, ज्याचं त्याला. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. माझा रक्तदाब आहे तसाच आहे. त्याची आता इतकी सवय झाली आहे की एखाद्या दिवशी कमी भरला तर चुकल्यासारखं होतं.

पत्रास कारण एक तक्रार आहे. कुणाविरुद्ध, ते योग्य जागी येईलच. उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात इंग्रजी पत्रांचे मसुदे लिहिण्यात गेला आहे, त्यामुळे आधी पार्श्वभूमी आणि मग तक्रार, ही सवय आता सुटणार नाही. तू मधली पानं गाळून शेवट वाचतोस हे मला लहानपणापासून माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस.

पार्श्वभूमी तुला ठाऊक आहे, तरी तक्रारीत सगळं यावं लागतं. माझी एकुलती एक मुलगी, जावई आणि नात तिकडे परदेशात तुझ्याच शहरात, तुझ्या मुलाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. नात आता तेरा वर्षांची आहे. शाळा सुटल्यावर आई कामावरून येईपर्यंत ती तुझ्याकडे थांबते, आणि तू तिला मराठी शिकवतोस, अशी आमची सगळ्यांची समजूत होती. (या वाक्यातल्या 'समजूत' या शब्दाकडे लक्ष असू दे.) मला मात्र ती फक्त रविवारी फोनवर दिसते. दिसते म्हणजे अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसतो. शेजारून आई कोपराने ढोसते, मग कपाळ म्हणतं, "हाय आजोबा, आयॅम गुड," आणि त्यानंतर नुसता पंखा उरतो. आमच्या हिच्याशी मात्र तीच पोर अर्धा अर्धा तास बोलते. ही मराठीत बोलते, ती इंग्रजीत बोलते, कुणाला कुणाचं काही कळत नसावं, पण दोघी केसांबद्दल बोलतात आणि खिदळतात. मी शेजारी बसून हे बघतो. बघून बघून मला एवढंच कळलं की केसांची गरज आहे, आणि ते माझ्याकडे नाहीत.

एका रविवारी तिने आपण होऊन मला विचारलं, "वॉस्सप, आजोबा?" प्रश्न मला कळला होता, नाही असं नाही. पण तोंडातून निघायचं तेच निघालं. मी म्हणालो की आपण केलेल्या आस्थेवाईक चौकशीबद्दल मी आभारी असून माझी प्रकृती समाधानकारक असल्याचं कळवण्यास मला आनंद होत आहे. इंग्रजीत हे वाक्य फार डौलदार होतं, दादा. तिने आईकडे बघितलं आणि फोन पंख्याकडे वळला. नंतर मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं इंग्रजी बरोबर आहे हो, पण ते ऑफिसातलं आहे. तिला वाटतं तुम्ही रागावलात." मी रागावलो. जिच्या दातांना तारा लावल्याचा फोटो मी पाकिटात घेऊन हिंडतो, तिच्यावर मी रागावलो म्हणे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि त्याच फोनवर कळलं होतं की सुट्टीत तिघं आमच्याकडे येणार. पुढच्या खेपेला पोर कॉलेजात असेल, आणि कॉलेजातली मुलं आजोबांकडे येत नाहीत, त्यांना आणावं लागतं. तेव्हा काय बोलायचं ते याच सुट्टीत, हे मी ओळखलं.

आमच्या चौकात चष्म्याच्या दुकानावर एक पाटी आहे, 'बोलचालीचे इंग्रजी. तरुणाईचे शब्द. वयाची अट नाही.' मी दुसऱ्याच दिवशी प्रवेशासाठी रीतसर अर्ज लिहून घेऊन गेलो. शिकवणाऱ्या मॅडम म्हणजे पंचविशीची मुलगी, गुडघ्यावर फाटलेली विजार (फाटकीच विकत मिळते, मी चौकशी केली) आणि तोंडात च्युइंगम. तिने अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं की हा चौकटीत घालून भिंतीवर लावला तर चालेल का. मला बरं वाटलं. नोकरीत इतक्या वर्षांत कुणी माझा मसुदा चौकटीत घातला नव्हता. तो भिंतीवर 'असे बोलू नये' या मथळ्याखाली लावला होता, हे पुढच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं.

वर्गात आम्ही तिघंच. एक दातांचे डॉक्टर. त्यांच्याकडे येणारी पोरं तोंड उघडं असताना काय म्हणतात ते त्यांना जन्मभर कळत आलं, पण तोंड मिटल्यावर म्हणतात ते कळेना, म्हणून ते आले होते. दुसऱ्या एक वकीलबाई. त्यांच्या मुलाने त्यांना फोनवर एक मजकूर पाठवला होता, तो कौतुकात मोडतो की अब्रुनुकसानीत, हे त्यांना ठरवायचं होतं. आणि तिसरा मी.

पहिला पाठ भाषेचा असेल म्हणून मी दोन पेनं नेली होती. पण मॅडम म्हणाल्या, अनौपचारिक इंग्रजी जिभेच्या आधी पाठीच्या कण्यात यावं लागतं, तेव्हा सगळ्यांनी आधी सैल बसा. आता मला सांग, आपल्या वडिलांसमोर वाढलेल्या माणसाला सैल बसता येतं का? मी जितका सैल व्हायला जाई तितका ताठ होई. वकीलबाई म्हणाल्या, न्यायासनासमोर असं बसल्यास बेअदबी होते, तेव्हा मॅडम हे कुठल्या अधिकारात सांगत आहेत ते आधी स्पष्ट व्हावं. डॉक्टरांनी मात्र मनावर घेतलं आणि ते इतके सैल बसले की खुर्चीवरून घसरून टेबलाखाली गेले. मॅडम म्हणाल्या, परफेक्ट. (ते परफेक्ट नव्हतं. त्यांना उठवायला खालून चष्मेवाल्याला बोलवावं लागलं.)

दुसऱ्या पाठात कळलं की या भाषेत वाक्य पूर्ण करायचं नसतं. पूर्ण केलं तर समोरच्याला वाटतं आपण भांडायला आलो आहोत. कर्ता नको, कर्म नको, क्रियापद अगदीच गरज पडली तर. मी म्हटलं, मग उरतं काय? मॅडम म्हणाल्या, व्हाइब. वकीलबाईंनी व्हाइबची व्याख्या मागितली. मॅडमनी हात हवेत गोल फिरवला. वकीलबाईंनी तो हात वहीत काढून घेतला. मी तुला खोटं सांगत नाही दादा, मला त्या दिवशी काडीचंही कळलं नाही, पण शेजारी दोन शिकलेली माणसं माना डोलावत होती म्हणून मीही डोलावली. बहुधा तीही माझ्याकडे बघूनच डोलावत होती.

सगळ्यात घोळ झाला तो 'ब्रो'चा. मॅडम म्हणाल्या, आजपासून वर्गात सगळ्यांनी एकमेकांना ब्रो म्हणायचं, मलासुद्धा. आता ती पोर असली तरी शिकवते म्हणजे गुरूच की नाही? नुसतं ब्रो म्हणायला माझी जीभ उचलेना. मी म्हणालो, ब्रोमॅडम. डॉक्टर म्हणाले, ब्रोसाहेब, मला वाटतं आपलं चुकतं आहे. मी म्हणालो, ब्रोडॉक्टर, आपण वडील आहात, आपण सांगाल तसं. वकीलबाईंना मी ब्रो म्हटल्यावर त्यांनी हे नातं रक्ताचं धरायचं की मानलेलं, आणि वारसाहक्कात त्याचा काही उपद्रव होतो का, हे विचारलं. मॅडमनी डोकं टेबलावर टेकलं. त्या अनौपचारिक बसल्या आहेत असं समजून आम्ही तिघांनीही डोकी टेकली.

तरी आम्ही हटलो नाही. आपली पिढी घोकून पुढे आलेली, तेव्हा डॉक्टरांनी संभाव्य प्रश्नांची यादी काढली, मी नमुना उत्तरं लिहिली, आणि आम्ही तिघं सकाळी बागेत फेऱ्या मारत मोठ्याने पाठ करू लागलो. "नो कॅप, नो कॅप, म्हणजे खोटं नाही. चिल, चिल, म्हणजे घाई नाही. लिट, लिट, म्हणजे एकदम खूश." बागेत पळायला येणारी पोरं आम्हाला बघून वाट बदलायची. घरी ही मटार सोलता सोलता माझी उत्तरं ऐकायची आणि अडलो की वहीत बघून सांगायची. एकदा म्हणाली, "अहो, पण त्या पोरीला तुम्ही मराठीत विचारा ना, काय गं, कशी आहेस, म्हणून." मी म्हटलं, तिला मराठी कळत असतं तर ती बोलली नसती का? त्यावर ही काही बोलली नाही, नुसते मटार सोलत राहिली. (ही गप्प बसली की समजावं, आपण उंटावर बसून शहाणपण सांगतो आहोत. पण हे कळतं उशिरा.)

मग परीक्षा झाली. ती मॅडमना घ्यायची नव्हती. आम्ही तिघांनी लेखी विनंती केल्यावर त्यांचा नाइलाज झाला. परीक्षेशिवाय आपल्याला काही येतं आहे हे आपल्याला कसं कळणार? लेखी प्रश्न एकच होता, मित्राने जेवायला बोलावलं आहे, कारण न देता टाळा. डॉक्टरांनी टाळलं, पण शेवटी राहवलं नाही म्हणून दोनदा दात घासण्याचा सल्ला दिला. वकीलबाईंनी हक्क राखून टाळलं. मी तीन कारणं दिली, दिलगिरी व्यक्त केली आणि पुढची सोयीची तारीख कळवण्याची विनंती केली. तोंडी परीक्षेला मॅडमचा चुलतभाऊ आला होता. तो आत येताच मी उठून उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "यो." तो बिचारा इतका गोंधळला की त्यानेही हात जोडले आणि माझ्या पाया पडला. माझे परीक्षेला वेळेवर आल्याबद्दल गुण कापले होते, तरी मी पास झालो. डॉक्टर नापास झाले आणि पेढे मात्र त्यांनी वाटले, कारण ते आधीच आणून ठेवले होते.

आता येतो मुख्य दिवसाकडे. गाडी दाराशी आली. आधी बॅगा उतरल्या, मग जावई, मग मुलगी, आणि सगळ्यात शेवटी ती. माझ्या खांद्यापर्यंत आली आहे, दादा. मी दारातच स्वागतपर चार शब्द बोलायचं ठरवलं होतं आणि त्याचा मसुदा पाठ होता. हात मागे बांधून, घसा साफ करून मी सुरुवात केली, "यो, ब्रो. विथ रेफरन्स टु युवर अरायव्हल, आय ॲम, नो कॅप, हायली लिट." पुढेही होतं. पण जावयाच्या हातून बॅग सुटली ती माझ्या पायावर पडली. मुलीने कपाळाला हात लावला. आणि पोर? पोर बघतच राहिली. तिने एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघितलं, कानात गाणी ऐकायच्या त्या बोंड्या खुपसल्या आणि आजीच्या मागोमाग आत निघून गेली. मी दारात उभा. इतक्या दिवसांचं घोकणं, त्या फेऱ्या, ते सैल बसणं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्या संध्याकाळी मी कुणाशी बोललो नाही. पायाला सूज होती, ते एक निमित्त बरं मिळालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. वाचत नव्हतो. आत ही आणि मुलगी बोलत होत्या, जावई झोपला होता. एवढ्यात पोर दारात आली. तिने आत बघितलं, आई दिसत नाही याची खात्री केली, कमरेवर हात ठेवले आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "काय रे भोपळ्या, तोंड का पाडून बसलास? कुणी मारलं का तुला?"

दादा, माझा चष्मा खाली पडला. मला काही सुचेना म्हणून मी म्हणालो, "अगं." ती म्हणाली, "अगं काय अगं. सरक तिकडे. गॅलरी काय तुझ्या बापाची आहे?" आणि शेजारी येऊन बसली. आता तक्रारीचा मुद्दा नीट ऐक. मला इंग्रजीच्या पेपरात भोपळा मिळाला तेव्हा तू माझं ते नाव पाडलंस, आणि आईने तुझ्या पाठीत धपाटा घालून ते बंद केलं. ते नाव या जगात आता फक्त दोघांना माहीत आहे. त्यातला एक मी, आणि मी ते तिला सांगितलेलं नाही. शिवाय 'रे' ओढण्याची ती तऱ्हा, 'कुणी मारलं का'मधला तो खवचटपणा, आणि कमरेवर हात. हुबेहूब तू. फक्त दातांना तारा.

पुरावा गोळा करावा या एकमेव हेतूने मी तिचं पुढचं बोलणं ऐकून घेतलं. चहाची वेळ होईपर्यंत ऐकून घेतलं. तिची एक जिवाभावाची मैत्रीण आहे, ती हल्ली डबा खायला दुसऱ्याच मुलींबरोबर बसते. पोर हे आईला सांगत नाही, कारण आई लगेच त्या मैत्रिणीच्या आईला फोन करील. त्या मैत्रिणीबद्दल तिने जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही, तुझे तुला माहीत आहेत. सांगता सांगता डोळे भरून आले तेव्हा म्हणाली, "च्यायला, डोळ्यात काहीतरी गेलं." हेही तुझंच. मग तिने मला विचारलं की मी काल दारात सरकारी नोटिशीसारखा का बोलत होतो. मी शिकवणीचं सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, ते शब्द आता फक्त तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका वापरतात, मुलांना जवळच्या वाटाव्यात म्हणून. मी विचारलं, एवढं मराठी येतं तर फोनवर का बोलत नाहीस? तर म्हणे, "आई शेजारी असते. ती म्हणते आजोबांशी नीट बोल. मला नीटवालं येतच नाही, मोठ्या आजोबांनी ते शिकवलंच नाही." बघ. तेव्हा हा सगळा तुझ्या शिकवणीचा परिणाम आहे.

व्हायचं तेच झालं. ती मला "फेकू नकोस रे म्हाताऱ्या" म्हणाली आणि नेमकी त्याच वेळी तिची आई चहा घेऊन गॅलरीत आली. पुढचं तू कल्पनेनं जाण. जो माणूस घरातच काय, कचेरीतही कुणाकडून अरे-तुरे ऐकून घेत नसे, त्याला तेरा वर्षांची पोर म्हातारा म्हणते. मुलीने तिला आत नेऊन चांगली समज दिली, आणि तुला खरमरीत पत्र लिहायला मला बसवलं. पोरीला एकदाचं वळण लागलं म्हणायचं. कालपासून ती मला 'तुम्ही' म्हणते. येते, दारात उभी राहते, म्हणते, "आजोबा, तुम्ही चहा घेतला का?" मी म्हणतो, "घेतला." मग ती आत जाते. शिस्त म्हणतात ती हीच.

तरी तुला कळवण्यात येतं की तू चालवलेली ही शिकवणी तत्काळ बंद करावीस, शिकवलेले शब्द परत घ्यावेस, आणि यापुढे पोरीला वडीलधाऱ्यांशी बोलायचं मराठी शिकवावंस, तुला ते स्वतःला येत असल्यास. एवढ्या वयाचा माणूस तू, तुला काही वाटायला हवं होतं. वहिनी असती तर ही वेळ आली नसती. उत्तर उलट टपाली द्यावंस.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. वरचं पत्र मुलीने वाचलं. "छान लिहिलंत बाबा, काकांना असंच पाहिजे" म्हणाली आणि पाकीट डकवायला माझ्याकडे देऊन बाजारात गेली. इथून खालचं तिने वाचलेलं नाही, तेव्हा हा कागद तुझ्या सुनेच्या हाती लागू देऊ नकोस. दादा, तक्रार खोटी आहे. म्हणजे घडलं सगळं खरं, पण मला राग आलेला नाही. मला काय आलं आहे ते मसुद्यात बसत नाही. त्या गॅलरीतली दुपार मला परत हवी आहे. तिने मला मैत्रिणीचं सांगितलं ना, ते त्या 'रे'मुळे सांगितलं. 'तुम्ही' म्हणून कुणी असलं काही सांगत नाही, मी उभ्या आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही. ही मला 'अहो' म्हणते, मुलगी 'तुम्ही' म्हणते, कचेरीत 'साहेब' होतो, आणि परवा त्या फाटक्या विजारीच्या मुलीने फोन केला तर तीसुद्धा 'सर' म्हणाली.

तेव्हा खरं काम हे आहे. तू आपल्या घरातला सगळ्यांत वडील माणूस, तुझा शब्द माझी मुलगी मोडणार नाही. तिला तू एक वेगळं पत्र लिही की आपल्या घराण्यात नातवंडांनी आजोबांना 'अरे' म्हणण्याची जुनी चाल आहे, आणि ती मोडू नये अशी तुझी इच्छा आहे. (आपण आपल्या आजोबांसमोर श्वाससुद्धा विचारून घ्यायचो, आणि त्यांचा खोकला ऐकू आला की तू कोठीत लपायचास, हे मला आठवतं. तिला आठवत नाही, ती तेव्हा नव्हती.) पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. तू फक्त तुझ्या अक्षरात उतरवून सही कर. मसुद्यात स्वतःचं काही घालू नकोस, विशेषतः 'च्यायला' घालू नकोस.

ता. क. दुसरा. ही युक्ती मूळची आमच्या हिची आहे. मी गॅलरीत तसाच बसलेला बघून म्हणाली, "भावोजींना लिहा, त्यांनीच घातला आहे हा गोंधळ, तेच निस्तरतील." मी विचारलं, तुला हे आधीपासून माहीत होतं का? म्हणाली, पोर गेलं वर्षभर फोनवर तिला विचारते आहे की आजोबांना भोपळ्या म्हटलं तर ते मारतील का. वर्षभर, दादा. आणि ही मटार सोलत बसली.

ता. क. तिसरा. पाकीट डकवणार एवढ्यात पोर खोलीत डोकावली. मागे वळून बघितलं, आई अजून आली नाही याची खात्री केली आणि हळूच म्हणाली, "ए भोपळ्या, काय लिहितोस?" मी म्हटलं, तुझ्या मोठ्या आजोबांना पत्र, काही निरोप आहे का? म्हणाली, "त्या थेरड्याला सांग, नवीन काहीतरी शिकव म्हणावं, जुनं सगळं वापरून झालं." निरोप जसाच्या तसा कळवला आहे. गुडघ्याला जप, जिन्यावरून एकटा उतरू नकोस, कानातलं ते यंत्र लाव. आई गेल्यापासून मला 'अरे' म्हणणारा तू एकटाच होतास. आता कुठे दोघं झालात, त्यातलं मला एकही कमी व्हायला नको आहे.